वर्गणी तीच, दार उघडं

२०१४ सालच्या १ जानेवारीपासून ‘फिजिक्स लेटर्स बी’ आणि ‘न्यूक्लिअर फिजिक्स बी’ या दोन जर्नलांमध्ये येणारा प्रत्येक नवा पेपर जगातल्या कुणालाही फुकट वाचता येऊ लागला. दोन्ही जर्नलं मुख्यतः कणभौतिकीची, आणि एल्सेव्हियर या कंपनीची. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं बिल ज्याने कधी पाहिलं आहे, त्याला यातलं नवल वेगळं सांगायला नको. २०१० साली या कंपनीच्या विज्ञान-प्रकाशन विभागाने दोन अब्ज पौंडांच्या थोड्या वरच्या उलाढालीवर ७२.४ कोटी पौंड नफा कमावला होता. म्हणजे शंभरातले छत्तीस. अशी कंपनी आपल्या दोन नावाजलेल्या जर्नलांची कुलपं काढते, वाचकाकडे पैसे मागत नाही, लेखकाकडेही मागत नाही, आणि तरी तिचं काही बिघडत नाही. मग पैसे दिले कुणी?

जे आधी देत होते त्यांनीच, म्हणजे ग्रंथालयांनी. पैसे साधारण तेवढेच होते. आधी ते वाचण्याच्या परवानगीसाठी दिले जात. आता पेपर तपासून प्रसिद्ध करण्याच्या कामासाठी दिले जाऊ लागले. ऐकायला हा हिशेबवहीतला किरकोळ बदल वाटतो. तो घडवायला आणि वाढवायला चाळीसहून अधिक देश आणि तीन हजारांहून अधिक ग्रंथालयं व संशोधनसंस्था एकत्र आणाव्या लागल्या, आणि कल्पना सुचल्यापासून काम सुरू होईपर्यंत सात-आठ वर्षं गेली. कणभौतिकीत या काळात बरंच काही थक्क करणारं घडलं. मला त्यातली ही गोष्ट सर्वांत थक्क करणारी वाटते, आणि तिच्यात एकही नवा कण सापडलेला नाही.

जर्नलांचा धंदा मुळातच चमत्कारिक आहे. मार्च १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, तेव्हा त्यातून आपल्याला चार पैसे सुटतील अशी त्याला आशा होती. फारसे सुटले नाहीत. पुढे कितीतरी काळ जर्नलं बव्हंशी विद्वानांच्या संस्थाच काढत राहिल्या आणि तोटा आला तर तो सोसत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारं विज्ञानावर मोठा पैसा खर्च करू लागली, तसं रॉबर्ट मॅक्सवेलसारख्या हुशार व्यापाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पेपर लिहिणारा मोबदला मागत नाही. तो तपासणारा रेफ्रीही मागत नाही. दोघांचे पगार सरकार किंवा विद्यापीठ देतं. आणि माल विकत घेणाऱ्या ग्रंथालयाला भाव ऐकून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही, कारण एका जर्नलमध्ये आलेला पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये कधीच मिळत नाही. प्रत्येक जर्नल म्हणजे एक छोटी मक्तेदारी. मॅक्सवेलने आपली पर्गमॉन प्रेस १९९१ मध्ये ४४ कोटी पौंडांना विकली. घेणारी कंपनी एल्सेव्हियरच.

त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये, न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत, पॉल गिन्सपार्ग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एका संगणकावर छोटीशी सोय केली. तिचं महत्त्व कळायला कणभौतिकीवाल्यांची एक जुनी खोड माहीत हवी. या लोकांना जर्नल छापून येईपर्यंत दम निघत नसे. टाइप केलेल्या पेपरच्या प्रती काढून ते जगभरच्या विभागांना टपालाने पाठवत. हे प्रीप्रिंट. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयाने १९६९ पासून आलेल्या प्रीप्रिंटची साप्ताहिक यादी काढायला सुरुवात केली. यादीतला एखादा पेपर जर्नलमध्ये छापून आला की त्याचं नाव वेगळ्या यादीत जाई, आणि त्या यादीला त्यांनी नाव दिलं होतं ‘अँटी-प्रीप्रिंट’. कण आणि प्रतिकण भेटले की दोघेही नाहीसे होतात, तसं. ग्रंथपालांच्या विनोदबुद्धीबद्दल ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी हा पुरावा पुरे.

या टपाल-व्यवहारात एक अन्याय होता. ज्या विभागाचं नाव मोठ्या विद्यापीठांच्या पत्त्यांच्या यादीत नाही, त्याला नवा विचार उशिरा कळे. गिन्सपार्गच्या सोयीने तो प्रश्न मिटवला. ईमेलने पेपर पाठवा, ईमेलने मागवा, सगळ्यांना एकाच दिवशी. पुढे हीच सोय ‘आर्काइव्ह’ या नावाने वेबवर गेली, २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आली, आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत तिची भारतीय प्रतही राहिली. एकविसावं शतक उजाडेपर्यंत कणभौतिकीतले नव्वद टक्क्यांहून जास्त पेपर जर्नलमध्ये येण्याआधीच तिथे फुकट मिळत होते.

आता या परिस्थितीकडे नीट पाहा. पेपर फुकट वाचायला मिळतोय. तो सगळ्यांनी आधीच वाचलाय, त्यावर वाद घातलाय, त्यावर दुसरा पेपरही लिहिलाय. आणि तरीही ग्रंथालयं त्याच पेपरच्या जर्नलची वर्गणी वर्षानुवर्षं भरतायत. का? कारण आर्काइव्हवर रेफ्री नाही. पेपर तपासला गेला, जाणकाराने शंका काढल्या, लेखकाने उत्तरं दिली, चुका सुधारल्या, हे जर्नलशिवाय होत नव्हतं. तरुण संशोधकाची नोकरी आणि बढती त्या शिक्क्यावर अवलंबून होती. ग्रंथालय कागदोपत्री वाचनाचे पैसे भरत होतं आणि प्रत्यक्षात तपासणीचा खर्च उचलत होतं. मग तो खर्च सरळ तपासणीसाठीच का देऊ नये?

हा प्रश्न जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत विचारला गेला, यात नवल नाही. सर्नची स्थापना ज्या १९५३ च्या करारावर झाली, त्यातच तिथल्या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत किंवा सर्वांना उपलब्ध करून द्यावेत असं कलम आहे. वर्ल्ड वाइड वेब तिथेच जन्मलं, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते कुठलाही हक्क न राखता जगाला देऊन टाकलं. वेब वाटून टाकणाऱ्यांना जर्नलांची कुलपं खुपणारच.

योजना अशी होती. कणभौतिकीच्या मुख्य जर्नलांसाठी जगातली ग्रंथालयं जी वर्गणी भरतात, ती त्यांनी प्रकाशकाकडे न देता सर्नमधल्या एका सामायिक निधीत भरायची. सर्नने निविदा काढायची. प्रकाशकांनी एका पेपरमागे किती घेणार तो दर सांगायचा. दर्जा आणि दर पाहून करार करायचे. बदल्यात प्रकाशकाने पेपर कायमचा खुला करायचा, हक्क लेखकाकडे ठेवायचे, आणि त्या जर्नलची वर्गणी मागणं बंद करायचं. या उद्योगाचं नाव ‘स्कोप-थ्री’. कुठल्या देशाने किती भरायचं? त्या देशातून कणभौतिकीचे जितके पेपर निघतात त्या प्रमाणात. ज्या देशांना परवडत नाही त्यांच्यासाठी साधारण दहा टक्के वाटा बाकीच्यांनी मिळून उचलायचा.

यातली मेख वर्गणी मागायला दारोदार फिरलेल्या कुठल्याही गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला लगेच कळेल. मंडपातला गणपती वर्गणी न देणाऱ्यालाही दिसतो, आरतीचा प्रसादही मिळतो. पेपर एकदा खुला झाला की ज्या विद्यापीठाने छदामही दिला नाही तेही तो वाचणार. मग शहाण्या ग्रंथपालाने काय करावं? शेजारचा देईल म्हणून आपण हात आखडता घ्यावा. आणि सगळेच असे शहाणे निघाले तर निधी रिकामा, जर्नलं पुन्हा कुलपात.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात इथे धडा संपतो. असं काही जमत नाही, असं सांगून. कणभौतिकीत ते जमलं, याची काही कारणं मला दिसतात. विषय लहान: वर्षाकाठी काही हजार पेपर, आणि त्यातले बहुतेक बोटांवर मोजता येतील इतक्या जर्नलांत. खर्चही आवाक्यातला, वर्षाला एक कोटी युरोंच्या आसपास. एल्सेव्हियरच्या नफ्याशेजारी ही रक्कम ठेवली तर सुट्टे पैसे वाटतील. शिवाय या लोकांना वाटून घेऊन काम करायची सवय आहे. सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो पेपर काढला त्याचे लेखक होते ५,१५४. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नुसती लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची यादी. पाच हजार माणसं एका पेपरवर सह्या करू शकतात, तर तीन हजार ग्रंथालयं एका निधीत पैसे टाकू शकतीलच.

सगळ्यांत किचकट काम मात्र वेगळंच निघालं, आणि त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एव्हाना ग्रंथालयं जर्नलं एकेकटी विकत घेतच नव्हती. प्रकाशक शेकडो जर्नलांची मोट बांधून एका किमतीला विकत. तुमच्या ग्रंथालयाने त्या मोटेसाठी जे पैसे भरले त्यातले ‘फिजिक्स लेटर्स बी’चे किती? हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक देशाचा करार वेगळा, दर वेगळा, सूट वेगळी, आणि बरेचसे करार गुप्ततेच्या अटीने बांधलेले. मोटेतून एक जर्नल बाहेर काढलं म्हणून प्रकाशकाने किंमत नक्की किती उतरवायची, हे हजारो करारांसाठी एकेक करून ठरवावं लागलं. अमेरिकेत तर सगळ्यांच्या वतीने सही करणारं कुणी मध्यवर्ती खातंच नव्हतं. तिथलं एकेक ग्रंथालय गाठून त्याला पटवावं लागलं. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या २७ किलोमीटरच्या बोगद्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. या हिशेबाचं छायाचित्र काढता येत नाही, एवढंच त्याचं दुर्दैव.

२०१२ मध्ये निविदांचा निकाल लागला. पेपरमागे पाचशे युरो घेणारं पोलंडचं छोटं जर्नल आणि दोन हजार डॉलरच्या घरातलं मोठं जर्नल एकाच उघड यादीत शेजारी-शेजारी आलं. अमेरिकन फिजिकल सोसायटी आधी यादीत होती, मग ऐन वेळी बाहेर पडली. तरी दहा जर्नलं घेऊन १ जानेवारी २०१४ ला काम सुरू झालं. सोसायटी २०१८ मध्ये परत आली, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’सह. त्या जर्नलमध्ये भौतिकीचे सगळेच विषय येतात, मग त्यातल्या कुठल्या पेपरचे पैसे निधीतून द्यायचे? लेखकाने आर्काइव्हवर तो पेपर कणभौतिकीच्या रकान्यात टाकला असेल तर द्यायचे. ज्या फुकट सोयीमुळे जर्नलांची गरजच उरते की नाही अशी शंका आली होती, तीच आता जर्नलांची बिलं ठरवते! आज या विषयातले जवळपास नव्वद टक्के पेपर या व्यवस्थेखाली खुले आहेत.

एक जुनी कथा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ मध्ये एडिंबराच्या पीटर हिग्जने आपला दुसरा छोटा पेपर ‘फिजिक्स लेटर्स’कडे पाठवला. त्या जर्नलचं संपादन तेव्हा सर्नमधून चाले. त्यांनी तो नाकारला. हिग्जने त्यात थोडी भर घातली आणि अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ला दिला. त्या भरीत नव्या कणाचा उल्लेख होता. ४८ वर्षांनी तो कण सर्नमध्येच सापडला, आणि शोधाचे दोन्ही पेपर सप्टेंबर २०१२ मध्ये छापले ‘फिजिक्स लेटर्स बी’ने. त्यांतल्या एका पेपरच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं आहेत. ते दोन पेपर खुले होते, पण त्या वेळी अपवाद म्हणून. अपवादाचा नियम झाला सव्वा वर्षाने.

आणि मला सर्वांत चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. जवळपास सगळे पेपर आर्काइव्हवर आधीपासून फुकट होते ना? मग जर्नलचं कुलूप काढून काय फरक पडणार होता? पण जर्नलं खुली झाल्यावर त्यांच्या संकेतस्थळांवरून पेपर उतरवून घेण्याचं प्रमाण दुपटीवर गेल्याचं प्रकाशकांनाच आढळलं. म्हणजे ज्यांना आर्काइव्ह नावाची जागा ठाऊक नाही, किंवा ज्यांना तपासलेली, सुधारलेली, शेवटची प्रतच हवी आहे, असे वाचक कुलपाबाहेर इतकी वर्षं उभे होते आणि त्यांची मोजदाद कुणी केली नव्हती.

हे सगळीकडे जमेल का? नाही. वैद्यकशास्त्रात लाखो पेपर, हजारो जर्नलं, आणि सर्नसारखा सर्वांना मान्य होणारा वडीलधारा कुणी नाही. पण कुलूप काढायच्या किल्ल्या वेगवेगळ्या आहेत, आणि त्यातली एक आपल्या परळमध्ये घडली. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, ‘ओपन अॅक्सेस’ हा शब्द अजून रुळायचा होता तेव्हा, त्याने आपले पेपर इंटरनेटवर खुले केले. लेखकाकडून शुल्क न घेता. त्यामागे मुंबईतल्याच ‘मेडनो’ या प्रकाशनाचे डॉ. डी. के. साहू होते. खर्च निघे तो छापील अंकांच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून. फुकट मिळतंय म्हटल्यावर वर्गणीदार पळतील ही भीती खरी ठरली नाही. उलट परदेशातून पेपर येऊ लागले, आणि धूळ खात पडलेल्या जुन्या पेपरांचे संदर्भ दिले जाऊ लागले. आपल्याकडच्या उद्योगांची जी नेहमीची गत होते ती मेडनोचीही झाली: २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या परदेशी कंपनीने ते विकत घेतलं.

दुसरी किल्ली बंडखोरीची. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या जुन्या जर्नलचे सहाही संपादक आणि सल्लागार मंडळातले एकतीस जण यांनी राजीनामे दिले, आणि ‘ग्लॉसा’ नावाचं नवं खुलं जर्नल काढलं. जुनं नाव एल्सेव्हियर कंपनीच्या मालकीचं, म्हणून ते मागे राहिलं. कंपनीने नवे संपादक नेमून ‘लिंग्वा’ चालूच ठेवलं. भाषावैज्ञानिक त्याला ‘झाँबी लिंग्वा’ म्हणू लागले.

तिसरी किल्ली सर्वांत जास्त वापरली जाते आणि मला ती सर्वांत कमी आवडते. वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घ्यायचे. ‘नेचर’ने २०२० मध्ये जाहीर केलेला दर एका पेपरमागे ९,५०० युरो होता, तेव्हाच्या हिशेबाने साडेआठ लाख रुपयांच्या आसपास. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातला संशोधक पूर्वी दाराबाहेर राहून वाचू शकत नव्हता. आता वाचू शकतो, पण लिहू शकत नाही. याला दार उघडलं म्हणायला मी तयार नाही. श्रीमंत देशांतही हे सहन होईनासं झालं: एप्रिल २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’ या खुल्या जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी ३,४५० डॉलरचं लेखकशुल्क कमी होत नाही म्हणून एकत्र राजीनामे दिले.

चौथी किल्ली पाहिली की मात्र कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते. कॅलिफोर्नियातली ‘अॅन्युअल रिव्ह्यूज’ ही ना-नफा संस्था १९३२ पासून एकेका विज्ञानशाखेचा वार्षिक आढावा काढते. तिने २०२० मध्ये आपल्या काही जर्नलांच्या वर्गणीदार ग्रंथालयांना कळवलं: नेहमीसारखी वर्गणी भरा, पुरेशा ग्रंथालयांनी भरली तर यंदाचा खंड सगळ्या जगाला खुला करू, कमी पडली तर तो फक्त वर्गणीदारांनाच मिळेल. शेजाऱ्याच्या भरवशावर हात आखडता घेतला तर दार आपल्याच तोंडावर बंद होईल. २०२३ मध्ये तिने आपली एकूण एक, म्हणजे ५१ जर्नलं या मार्गावर आणली. सर्नसारखा वडीलधारा नाही, तीन हजार सह्या नाहीत. फक्त एक नीट लिहिलेली अट.

भारताने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार जर्नलं, आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थ्यांना व संशोधकांना ती वाचायची मुभा. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयात बसून जगातली महागडी जर्नलं उघडता येणं ही लहान गोष्ट नाही, आणि देशाने एकत्र बसून भाव केला हेही उत्तमच. पण हा भाव मुख्यतः वाचण्याचा आहे. खासगी महाविद्यालयातला प्राध्यापक, गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर, नोकरी सोडून अभ्यास करणारी बाई पहिल्या टप्प्यात बाहेरच आहेत. आणि पैसे भरणं थांबलं की आतले सगळेही बाहेर येतील. सर्नच्या निधीतून ज्याचे पैसे दिले गेले तो पेपर मात्र निधी उद्या आटला तरी खुलाच राहतो.

६,००० कोटी हा आकडा हातात घेऊन टेबलाशी बसणारा देश अटी घालू शकतो. हा करार २०२७ च्या अखेरीपर्यंतचा आहे, आणि पुढच्या वाटाघाटी त्याआधीच सुरू होतील. त्यांच्या आसपास जे ग्रंथपाल, प्राध्यापक, कुलगुरू असतील त्यांनी प्रकाशकांना एकच प्रश्न विचारावा: या रकमेत भारतीय संशोधकांचे किती पेपर, लेखकाकडून वेगळे पैसे न घेता, सगळ्या जगाला कायमचे खुले होणार? आणि उत्तर लेखी घ्यावं.